बाकाखालचे बेचाळीस किलो

घरी मुका आणि हवेत पोपट, असं त्याची बायको त्याच्याबद्दल सांगायची, आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं. घरी हा माणूस जेवायला बसला की "मीठ" म्हणायचा, आणि तेवढं बोलून दमल्यासारखा पाणी प्यायचा. मुलगी परीक्षेत पहिली आली तेव्हा त्यानं दोनदा मान हलवली. "आज बाबांनी भाषण केलं," असं ती पोरगी शेजारीपाजारी सांगत सुटली होती. पण तोच माणूस हेलिकॉप्टरचं मागचं दार सरकवून पालथा पडला आणि त्यानं डोकं बाहेर काढलं, की तोंड जे सुरू व्हायचं ते दार बंद होईपर्यंत थांबायचं नाही.

थांबून चालणारच नव्हतं. तो नौदलात होता आणि हेलिकॉप्टरात दाराचा माणूस होता. आता हे काम म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण पायलटचे फोटो सगळे काढतात, दाराच्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पायलट पुढे काचेआड बसतो. त्याला समोरचं दिसतं, बाजूचं थोडंफार दिसतं. आपल्या पोटाखाली काय आहे आणि शेपटीमागे काय आहे, ते त्याला अजिबात दिसत नाही. ते दिसतं दाराच्या माणसाला. म्हणून तो बोलत राहतो आणि पायलट त्या बोलण्यावर मशीन हलवतो. "पुढे दहा. आठ. पाच. तीन, सावकाश. दोन. एक. थांब. मागे मोकळं, उजवीकडे मोकळं." डोलत्या जहाजाच्या डेकवर उतरायचं असो, बुडत्याला दोरावर उचलायचं असो, पाणबुडीचा माग काढायला पाण्यात यंत्र सोडायचं असो, नाहीतर एका जहाजावरचा माल दुसऱ्यावर टाकायचा असो, सगळं ह्या बोलण्यावर. दाराचा माणूस तीन सेकंद गप्प बसला, तर काहीतरी बिनसलं असं समजून पायलटनं मशीन वर घ्यायचं, असा दंडकच होता.

तर असा हा माणूस तेवीस वर्षं दारात पालथा पडून बोलत होता. गुडघे गेले होते, डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, पण आवाज होता तसाच होता, घाई नाही, चढउतार नाही. सगळे त्याला चीफ म्हणायचे, कारण हुद्दाच तो होता. आणि चीफ पाच म्हणाला म्हणजे पाचच, सहा नाही आणि साडेचारही नाही, हे सगळ्या तळावर माहीत होतं. दाराच्या माणसाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा शब्द. तो गेला की राहिलं काय, एक गुडघेदुखी.

त्याची एक खोड मात्र होती. तो तराफ्याशिवाय उडत नसे. हवा भरली की फुगणारा, सहा माणसं मावतील असा रबरी तराफा, पिशवीत घट्ट गुंडाळलेला, वजन बेचाळीस किलो. समुद्रावर उडताना तो असतोच, त्यामुळे खोड कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पण समुद्र सोडून जमिनीवरून जायचं असलं तरी हा आधी बाकाखाली हात घालून बघायचा.

ह्याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी टपालाच्या गोण्या आणि सुट्या भागांची खोकी जहाजावर न्यायची होती. जागा पुरेना. "एवढ्याशा खेपेला तराफा कशाला?" असं साहेब म्हणाले, आणि ह्यानं स्वतःच्या हातानं तराफा काढून धक्क्यावर ठेवला. अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं. चौघंही पाण्यात जिवंत उतरले, अंगावर जॅकेटं होती. पण पाणी गार होतं आणि शोधणारे पाच तासांनी आले. त्याचा जोडीदार, दोरावरून खाली उतरून बुडत्यांना उचलणारा, ह्याच्या जॅकेटला धरून होता. त्याला झोप लागू नये म्हणून हा सारखा बोलत राहिला. कुठल्या कुठल्या गोष्टी सांगितल्या. शेवटी जोडीदार म्हणाला, "जरा गप्प बस ना रे, झोप येतेय." आणि त्यानं हात सोडला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्याचं तर तोंड नाही, काळीज पोळलं होतं.

आता ह्या माणसाला धाडलं डोंगरात.

महिन्याभरात त्यांचं जहाज एका लांबच्या किनाऱ्याकडे निघणार होतं. तिथं समुद्र संपतो तिथंच डोंगर उभा राहतो, त्यामुळे जहाजावरच्या हेलिकॉप्टरला कड्यांवरून, सुळक्यांवरून माणसं उचलता यायला हवी होती. म्हणून पायलट आणि दाराचा माणूस अशा जोड्या डोंगरातल्या उड्डाणाच्या शाळेत पंधरा दिवसांसाठी आल्या. चीफच्या जोडीची पायलट एक तरणी बाई होती. अंगानं लहान, बोलायला तिखट, हातानं मात्र इतकी हलकी की वादळात डेकवर मशीन ठेवायची तर चाकं टेकल्याचं मागच्याला कळायचंही नाही. चीफ तिला मॅडम म्हणायचा, आणि मनात लेक मानायचा, पण ते त्यानं कधी तोंडावर येऊ दिलं नाही. सवयच नव्हती.

शाळा म्हणजे पायथ्याशी पत्र्याचे दोन लांब गोठे, एक मेस, एक इंधनाची टाकी आणि एक मास्तर. मास्तरांना सगळे गुरुजी म्हणायचे, पाठीमागे. तोंडावर सर. म्हाताऱ्यानं तीस वर्षं डोंगरात काढलेली, आणि नौदलवाल्यांना तो 'खारे' म्हणायचा. पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "खाऱ्यांनो, समुद्रावर तुम्हाला वारा पाण्यावर लिहिलेला दिसतो. इथं तो लिहिलेला नसतो. इथं तो कड्यापुढून वर चढतो आणि कड्यामागून खाली आदळतो. म्हणून आधी पळवाट, मग वाट. उतरायच्या आधी कुठून निसटायचं ते ठरवा." मग खडू खाली ठेवून म्हणाला, "आणि दुसरं. वर हवा पातळ. इंजिन दमतं, पंखा घसरतो. तिथं उपऱ्या वजनाला थारा नाही. समुद्राचं सगळं सामान आजच्या आज उतरवा. पोहायचे कपडे, तराफे, सगळं. इथं बुडायला पाणी नाही."

सगळे हसले. चीफही हसला. संध्याकाळी त्यानं तराफा उतरवला, कोठारात ठेवला, वहीत सही केली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी यायच्या आत, कोठारातून खांद्यावर टाकून परत आणला आणि मागच्या बाकाखाली, घोंगड्यांच्या मागे सरकवून दिला. आपण काही भयंकर करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. बेचाळीस किलो म्हणजे काय, एक जाडसर पोरगं. समुद्रावर तेवढ्यानं काटा हलतसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

रोज सकाळी वजनाचा तक्ता भरायचं काम दाराच्या माणसाचं. माणसं, इंधन, केबल, स्ट्रेचर, पाण्याचा कॅन, सगळ्यांची बेरीज आणि खाली सही. त्या बेरजेवरून पायलट हिशेब करायची, की अमुक उंचीवर तरंगत राहायला इंजिनाची किती ताकद लागेल. वर गेल्यावर ताकदीचा काटा तेवढाच दाखवतो की जास्त, ते गुरुजी शेजारच्या सीटवरून बघायचा. तक्ता कुणी तपासत नसे. चीफची सही आणि तपासायची? छे!

पहिला आठवडा खालच्या दऱ्यांमध्ये गेला आणि छान गेला. दुसऱ्या आठवड्यात वर चढले, आणि गणित चुकायला लागलं.

पहिल्या दिवशी नऊ हजार फुटांवर मॅडमनी मशीन हवेत स्थिर धरलं. हिशेबानं काटा अठ्ठ्याऐंशीवर हवा होता. होता एक्क्याण्णववर. गुरुजी म्हणाला, "उचलायची लीव्हर जास्त ओढतेस. हात हलका ठेव." दुसऱ्या दिवशीही तेच, तीन घरं जास्त. "हात जड आहे," गुरुजी म्हणाला. तिसऱ्या दिवशी मशीन सुळक्याच्या माथ्यावर टेकवायच्या आतच बसायला लागलं, आणि तिला दोनदा निसटून यावं लागलं. खाली उतरल्यावर गुरुजीनं वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "जेवून घ्या. दुपारी एक शेवटची संधी. नाही जमलं तर नाही. एकदा डोंगरानं परत पाठवलेल्या पायलटला आम्ही दुसऱ्यांदा बोलावत नाही."

म्हणजे जहाज तिच्याशिवाय जाणार. कुठल्यातरी कार्यालयात खुर्चीवर बसून दुसऱ्यांची उड्डाणं कागदावर आखायची. नौदलातल्या हेलिकॉप्टर पायलटला ह्याहून वाईट काही सांगू नये.

मेसमध्ये ती चीफसमोर बसली होती आणि ताटाकडे बघतही नव्हती. उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याचकडे बघत होती.

"चीफ, खरं सांगा. माझा हात जड झालाय?"

"नाही मॅडम."

"मग काटा का खोटं बोलतोय? काटा तर खोटं बोलणार नाही ना." ती कडवट हसली. "काल मी आईला फोन केला. म्हटलं, बहुतेक हे माझं काम नाही. ती म्हणाली, बाळा, तू पाच वर्षांची असल्यापासून हेच माझं काम म्हणत आलीयेस, आता काय झालं? मला सांगताच येईना."

चीफ जेवत राहिला. तो गप्पच असायचा, तेव्हा तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर गुरुजी दुसऱ्या एका जोडीला समजावत होता, चमच्यानं टेबल ठोकत. "खाली तुम्ही चाळीस किलो विसरलात तर काही होत नाही. वर तेच चाळीस किलो काट्यावर दोन-तीन घरं खातात. वर चाळीस किलो म्हणजे उचलायला आलेला माणूस तिथंच सोडून यायचा की नाही, एवढं असतं. कळलं का?"

चीफच्या हातातला घास हातातच राहिला. तीन घरं. तीन दिवस. बेचाळीस किलो. अहो, सरळ हिशेब होता, पण हा शहाणा माणूस तीन दिवस तिथं पालथा पडून मागे मोकळं, उजवीकडे मोकळं ओरडत होता, आणि ह्याच्या स्वतःच्या पोटाखाली काय आहे ते ह्याला दिसलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. म्हणायला काय जातं! तो उठला, दोन पावलं गुरुजीच्या टेबलाकडे गेला, आणि त्याच्या डोक्यात आलं की ह्यानंतर त्याच्या आवाजावर कोण मशीन हलवेल? ज्यानं खोट्या बेरजेखाली सही केली, त्याचं पाच म्हणजे पाच कशावरून? तेवीस वर्षांत एवढं एकच कमावलं होतं. तो दोन पावलं मागे आला. मग मनाशीच म्हणाला, सांगायची गरजच काय? गुपचूप काढून ठेवू. दुपारी काटा बरोबर येईल, ती पास होईल, मिटलं. गुरुजी म्हणेल, बघ, हात हलका केलास ना. कुणाला काय कळणार आहे?

तो जवळजवळ पळतच मशीनपाशी गेला. पण तिथं इंधनवाले दोघं नळी लावून उभे होते, आणि ह्याचं मागेपुढे होईपर्यंत गुरुजी जेवण उरकून तिथं पोचलाही होता. हातात हेल्मेट, दाराला टेकून. "चला चीफ, चढा. वाऱ्याचा काही भरवसा नाही." त्याच्या नाकासमोरून बेचाळीस किलोची नारिंगी पिशवी बाहेर काढायची? चोराच्या मनात चांदणं. चीफला वाटलं, म्हाताऱ्याला माहीत असेल. म्हातारा जांभई देत होता.

तो चढला. पट्टा लावला. सकाळचाच तक्ता इंधनाचा आकडा बदलून गुरुजीकडे दिला. खाली सही केली. आणखी एक खोटी.

ते वर चढले. दोन्ही बाजूंनी करडे कडे, सावलीच्या बाजूला जुना बर्फ. मॅडमनी सुळक्याभोवती एक फेरी घेतली, वाऱ्याची बाजू बघितली, आणि नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाली, "पळवाट डावीकडे, खाली दरीत. काटा नव्वद अपेक्षित." गुरुजी हुं म्हणाला.

चीफनं दार सरकवलं, पालथा पडला, डोकं बाहेर काढलं. गार वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. खाली सुळक्याचा माथा, एका खोलीएवढा सपाट, तिन्ही बाजूंना नुसती खोल पोकळी आणि मागे दगडांची एक उतरंड. "पुढे वीस," तो म्हणाला. "पंधरा. दहा. मागे मोकळं, शेपटी दगडांपासून सात मीटर." आवाज तोच निघाला. स्वतःचंच त्याला नवल वाटलं. आत इतकी घाण साठलेली आणि आवाज स्वच्छ.

"काटा ब्याण्णव," गुरुजी म्हणाला. "ब्याण्णव. त्र्याण्णव. ओढू नकोस."

"ओढत नाहीये, सर!"

"पुढे तीन," चीफ म्हणाला. "दोन. शेपटी पाच मीटर..." आणि तेवढ्यात वारा पडला. एकदम पडला, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा. मशीन खाली बसायला लागलं. पंख्याचा आवाज खोल गेला, पुढे धोक्याचा भोंगा वाजायला लागला. शेपटी उतरली. चीफला मागचा छोटा पंखा दिसत होता आणि त्याच्याखाली दगड. पाच मीटर, चार, तीन. आता जड हाताचा पायलट असता तर त्यानं घाबरून लीव्हर आणखी वर ओढली असती, पंखा आणखी दमला असता, आणि तिघांची माती झाली असती.

"शेपटी तीन! डावीकडे मोकळं! सोड, डावीकडे सोड!"

तिनं ओढली नाही. लीव्हर हातभर खाली सोडली, नाक डावीकडे टाकलं, आणि मशीन सुळक्याच्या कडेवरून दरीत घसरलं. चीफ मनात मोजत राहिला. एक, दोन, तीन, मग पंख्यानं हवा पकडली, भोंगा थांबला, आणि ते दरीतून सरळ, शांत, उडायला लागले. मागे कुठेही काही टेकलं नव्हतं. इतकं स्वच्छ निसटणं त्यानं तेवीस वर्षांत दोन-तीनदाच बघितलं असेल.

मग गुरुजीचा आवाज आला, चढा नाही, रागाचा नाही, दमलेला. "निसटलीस चांगली. पण निसटायची वेळ यायलाच नको होती. काटा नव्वदचा त्र्याण्णव. पुन्हा तेच. पोरी, मला वाईट वाटतंय, पण डोंगर तुझ्या हातचा नाही. घरी चला."

"येस सर," ती म्हणाली. एवढंच. पण तिचा श्वास हेडसेटमध्ये ऐकू येत होता. ती रडू आवरत होती आणि मशीन मात्र एका रेषेत चाललं होतं, जराही न हलता.

तो श्वास चीफनं ऐकला आणि त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की त्यानं डोळे मिटून घेतले. आता गप्प बसलो, तर जमिनीवर उतरल्यावर काहीच बोलता येणार नाही, हे त्याला कळत होतं. जमिनीवर तो मुकाच होता. बोलता येत होतं ते इथंच.

"सर," तो म्हणाला. "हात जड नाही. मशीन जड आहे."

"काय?"

"माझ्या बाकाखाली तराफा आहे. बेचाळीस किलो. दुसऱ्या दिवसापासून. तक्त्यात लिहिलेला नाही. तेव्हापासूनचे सगळे तक्ते खोटे आहेत. सह्या माझ्या आहेत."

पुढच्या दोन सीटवरची दोन हेल्मेटं जागच्या जागी थिजली. मॅडमचं हेल्मेट अर्धं मागे वळलं आणि पुन्हा समोर गेलं. गुरुजीनं तोंड उघडलं आणि मग जे काही बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीस वर्षं डोंगरात काढलेल्या माणसाकडे शिव्यांचा साठा मोठा असतो, आणि त्यातली एकही वाया गेली नाही. "तिघांना मारलं असतंस! गाढवा, तराफा? डोंगरात? कुठं वल्हवत जाणार होतास?" चीफ सगळं ऐकून घेत होता. खोटं काही नव्हतं त्यात.

शेवटी गुरुजी थांबला, दम खाल्ला, आणि म्हणाला, "खाली ते कुरण दिसतंय. उतर." ती उतरली. चाकं टेकल्याचं कळलं नाही. चीफनं तराफा ओढून काढला आणि गवतावर ठेवला. गुरुजी खिडकीतून त्याच्याकडे नुसता बघत होता, आणि ते शिव्यांहून वाईट होतं. "नवा तक्ता," तो म्हणाला. चीफनं गवतावर गुडघा टेकून नवा तक्ता भरला. गुरुजीनं तो घेतला, स्वतः पुन्हा बेरीज केली, बाकाखाली स्वतः हात घालून बघितलं, आणि मगच म्हणाला, "वर. त्याच सुळक्यावर."

त्या वेळी वारा पडला नाही. पण पडला असता तरी चाललं असतं, कारण काटा नव्वदवर गेला आणि तिथंच थांबला. "एक. टेकलं," चीफ म्हणाला. चारही चाकं दगडावर होती. गुरुजी काट्याकडे बघत बसला. मग हात लांब करून त्यानं मॅडमच्या खांद्यावर एकदा थोपटलं.

संध्याकाळी ती पत्र्याच्या खोलीत आली. चीफ कॉटवर बसून कबुली लिहीत होता. त्याची सुरुवातच तीनदा फाडून झाली होती. ती दारातच उभी राहिली.

"का?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. गार पाणी, पाच तास, जोडीदार. वीस वर्षांत बायकोलासुद्धा एवढं सलग सांगितलं नव्हतं. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वाईट वाटलं चीफ, खरंच. पण तीन दिवस! तीन दिवस मी माझ्याच हाताला शिव्या घालत होते, तुमच्यासमोर बसून. तुम्ही माझ्याकडे बघत जेवत होतात."

"मला दुपारीच कळलं, मॅडम."

"आणि दुपारी तुम्ही काय केलंत?"

"चुकलो," तो म्हणाला. "माझं नाव गेलं असतं, म्हणून गप्प बसलो." तिनं मान हलवली, आणि गेली. चीफनं कागद पुढे ओढला आणि चौथ्यांदा सुरुवात केली.

सकाळी त्यानं बॅग भरून ठेवली होती. आता आपली रवानगी, ह्यात त्याला शंका नव्हती. गुरुजी आला, कबुली वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "ही तुझ्या साहेबांकडे जाईल. ते काय करायचं ते करतील. आज शेवटची परीक्षा, कड्यावरून माणूस उचलायचा. दाराचा माणूस कोण ते पायलटनं ठरवायचं असतं, हा इथला नियम आहे. मी तिला दुसरा देत होतो, चांगला आहे. ती म्हणाली तूच हवास." थोडं थांबून म्हणाला, "का ते मला विचारू नकोस. मी असतो तर घेतला नसता."

चीफनं भरलेली बॅग कॉटखाली सारली. त्याला वाटलं, माफ केलं पोरीनं. मशीनपाशी ती तक्ता हातात घेऊन उभी होती. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होती, आणि मग आत चढून बाकाखाली वाकली. बाहेर येऊन म्हणाली, "चला."

कडा उभा होता, आणि त्याच्या मधोमध एका फळीएवढ्या कंगोऱ्यावर जखमी माणसाच्या सोंगात शाळेचा एक माणूस बसलेला. पंखा कड्यापासून थोडक्या अंतरावर धरायचा, आणि केबल त्याच्यापर्यंत सोडायची. चीफ पालथा पडला. वारा तोंडावर आला, आणि सुरुवात झाली. "पुढे पंधरा. दहा. पंखा कड्यापासून आठ मीटर. पुढे पाच. मागे मोकळं."

मशीन हललं नाही.

"नक्की?" तिनं विचारलं.

चीफला आधी कळलंच नाही. मग कळलं. तेवीस वर्षांत कुठल्याही पायलटनं त्याला हा शब्द विचारला नव्हता. वादळात नाही, अंधारात नाही, बुडत्या बोटीवर नाही. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. लाजेनं त्याचे कान तापले, एवढ्या गार वाऱ्यातही. पण तिच्या जागी तो असता, तर त्यानंही विचारलं असतं.

त्यानं मान आणखी बाहेर काढली आणि पुन्हा मागे बघितलं. शेपटी, तिच्यामागे हवा, खाली दरी. "नक्की," तो म्हणाला, आणि मशीन पुढे सरकलं.

पुढे तीनला तिनं विचारलं. केबल सोडतानाही विचारलं, माणूस दोरावर आल्यावरही, वर घेतानाही. परीक्षेत ती पहिली आली, आणि तिच्याबरोबर जहाजावर तोच गेला, कारण त्याच्या साहेबांनी एक शिक्षा देऊन पुढचा निर्णय तिच्यावरच सोडला होता. जहाजावर असताना, त्या लांबच्या किनाऱ्यावर, खऱ्या कड्यांवरून खरी माणसं उचलताना, पुढची दोन वर्षं, तो निवृत्त होईपर्यंत, ती विचारत राहिली. आणि तो दर वेळी मान बाहेर काढून पुन्हा बघायचा, आणि मगच उत्तर द्यायचा.